लोकल पेपरातली बातमी चुकलीय असं वाटतंय? आधी ती सोडवून बघा, मग संपादकाला लिहा

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पेपरचं कात्रण पडतं, खाली कुणीतरी लिहितं "हे पेपरवाले काहीही छापतात", चार अंगठे येतात आणि विषय संपतो. पेपरपर्यंत काहीच पोचत नाही. मग तीच चुकीची माहिती दुसऱ्या पेपरात येते, महिन्याभराने कुणाच्या तरी भाषणात येते, आणि एकदा का ती तीन ठिकाणी छापून आली की तीच खरी होऊन बसते.

मला याची मनापासून चीड येते, कारण मंत्रालयातली बातमी चुकली तर ती दुरुस्त करायला दहा चॅनलं आणि वीस पेपर असतात, पण कळव्यातल्या नाल्याची, दिघ्यातल्या पाण्याची, मुरबाडच्या एसटीची बातमी एक-दोन पेपरांतच येते, आणि तिथे चुकली तर तपासणारे आपणच, दुसरं कोणी नाही. म्हणून हे सगळं पायरी पायरीने लिहितोय. ठाणे-नवी मुंबई धरून लिहितोय कारण इथल्या बातम्या कुठे घसरतात ते मला माहितीय, बाकी ठिकाणीही पद्धत तीच चालेल.

आधी कात्रण नीट ठेवा

छापील पेपर, ई-पेपर आणि वेबसाइट या तीन वेगळ्या गोष्टी समजा. छापील बातमी बदलत नाही, वेबसाइटवरची गुपचूप बदलते, मथळा सकाळी एक आणि दुपारी दुसरा असंही होतं. त्यामुळे बातमी खटकली की लगेच पूर्ण पानाचा फोटो काढा, ज्यात तारीख, आवृत्ती आणि पान नंबर दिसेल, नुसत्या चौकटीचा नको. वेबसाइटवरची असेल तर लिंक, वेळेसकट स्क्रीनशॉट, आणि जमल्यास तीच लिंक वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपून ठेवणारी साइट) सेव्ह करा. मूळ पेपर रद्दीत देऊ नका, पुढे तक्रारीपर्यंत गेलात तर तो लागतो.

बातमी वाक्य वाक्य करून सोडवा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच टाळतात. एक कागद घ्या, बातमीतलं प्रत्येक वाक्य वेगळं लिहा आणि प्रत्येकासमोर टाका की ही तपासता येणारी माहिती आहे, कोणाचा तरी दावा आहे, की बातमीदाराचं मत आहे. मथळा वेगळा लिहा, कारण मथळा बरेचदा डेस्कवर बसलेला माणूस देतो, बातमी लिहिणारा नाही, आणि मथळ्याची चूक बातमीदाराच्या डोक्यावर मारणं अन्याय आहे.

उदाहरण म्हणून एक बातमी बनवतो, पण असा साचा तुम्ही पावसाळ्यात नक्की वाचला असेल. मथळा: "ढगफुटीने खारघर पाण्यात, नवी मुंबई पालिकेचे पितळ उघडे". खाली मजकूर: "रविवारी २४ तासांत ११८ मिमी पाऊस झाला. अतिवृष्टीमुळे अनेक सेक्टर जलमय झाले. पालिकेच्या नालेसफाईचा फज्जा उडाल्याने नागरिकांमध्ये संतापाची लाट आहे."

आता एकेक शब्द घ्या. ढगफुटी म्हणजे हवामान खात्याच्या हिशोबात साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एका तासात १०० मिमी किंवा जास्त पाऊस. बातमीत आकडा २४ तासांचा आहे, तासाचा आकडाच नाही, म्हणजे मथळ्याला बातमीतच आधार नाही. अतिवृष्टी हा शब्द मात्र चालेल, कारण महसूल खात्यात नुकसानभरपाईसाठी २४ तासांत महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांचा गट) ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात. हवामान खात्याची विभागणी वेगळी आहे, ६४.५ ते ११५.५ मिमी मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. म्हणजे ११८ मिमी हा अति मुसळधार पाऊस झाला, आणि एवढा पाऊस खरोखर त्रासाचाच असतो, त्याला ढगफुटी म्हणायची गरजच नव्हती.

पुढे "रविवारी". हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा चालतो, त्यामुळे रविवारी सकाळी नोंदवलेला आकडा खरं तर बराचसा शनिवारचा पाऊस असतो. मग हा पाऊस मोजला कुठे? नवी मुंबई पालिका बेलापूर, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली असे आपल्या हद्दीतले आकडे देते, आणि बेलापूरचा आकडा खारघरला चिकटवला तर तो खारघरचा होत नाही, मधे डोंगर आहे, पाऊस वेगळा पडतो.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे खारघर नवी मुंबई महानगरपालिकेत नाहीच. ते पनवेल महानगरपालिकेत येतं, जी १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, आणि जिल्हा रायगड. नालेसफाईबद्दल पितळ उघडं पडायचंच असेल तर ते दुसऱ्या पालिकेचं. ही बारीक चूक मानू नका, कारण खारघरचा माणूस ही बातमी वाचून चुकीच्या ऑफिसात तक्रार करणार आणि ज्यांनी जबाब द्यायचा ते आरामात सुटणार.

शेवटी "नागरिकांमध्ये संतापाची लाट". कोण नागरिक? एकाही रहिवाशाचं नाव नाही, सेक्टर नाही, पालिकेची बाजू नाही. फोटोखाली "संग्रहित" लिहिलंय का ते पण बघा, मागच्या पावसाळ्याचा फोटो दरवर्षी वापरलेला मी पाहिलाय.

चार ओळींच्या बातमीतून एवढं निघतं. पण यातल्या खणखणीत चुका दोनच आहेत, ढगफुटी आणि पालिका. बाकीच्या उणिवा आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पत्र लिहिताना लागेल.

इथल्या बातम्या नेहमी कुठे घसरतात

हद्दीचा घोळ पहिला, वर बघितलाच. पोलिसांची हद्द पालिकेशी जुळत नाही, खारघर पोलीस ठाणं नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं, त्यामुळे गुन्ह्याच्या बातमीत "नवी मुंबई पोलिसांनी" बरोबर आणि खड्ड्याच्या बातमीत "नवी मुंबई पालिकेने" चूक, एकाच खारघरसाठी. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, ती बांधली सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, तिचं श्रेय किंवा दोष पालिकेला देणारी बातमी आली तर थांबा. "ठाणे" म्हटलं की शहर, जिल्हा, पोलीस आयुक्तालय की लोकसभा मतदारसंघ ते विचारा. कळवा-मुंब्रा ठाणे पालिकेत आहे पण लोकसभेला कल्याणमध्ये जातं, ऐरोली-बेलापूर नवी मुंबई पालिकेत पण लोकसभेला ठाण्यात. निवडणुकीच्या आकड्यांत इथे हमखास गडबड होते.

दुसरा घोळ लोकसंख्येचा. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख असं अजून छापून येतं. तो २०११ च्या जनगणनेचा आकडा आहे आणि तेव्हा पालघर ठाण्यातच होतं, ते वेगळं झालं १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे आजच्या जिल्ह्याला तो आकडा लावताच येत नाही. हा आकडा एखाद्या हॉस्पिटलच्या बेडच्या किंवा एसटीच्या हिशोबात भागाकाराला घेतला की पुढचं सगळं चुकतं.

तिसरा युनिटचा. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे प्रकल्पाची क्षमता ४५० एमएलडी, म्हणजे ४५ कोटी लिटर. बातमीत "४५० लाख लिटर" आलं तर आकडा दहापटीने कमी छापला गेला. सोपी तपासणी अशी की माणशी भागून बघा. २०११ ला नवी मुंबई पालिकेची लोकसंख्या ११ लाख २० हजारांच्या आसपास होती, ४५ कोटीला त्याने भागलं तर माणशी ४०० लिटर येतात, ४५० लाख धरलं तर ४० येतात, आणि ४० लिटरमध्ये वाशीतला फ्लॅट चालत नाही हे कोणालाही कळेल. लाख-कोटीची चूक बजेटच्या बातम्यांत पण होते, तिथेही असाच भागाकार करा.

चौथा, डेडलाइनच्या बातम्या. यात चूक नसते, पण बातमी अर्धवट असते. वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ चं भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं. कित्येक वर्षं घोडबंदर रोडवर आपण खांब बघतोय. "अमुक महिन्यात मेट्रो धावणार" अशी बातमी आली की त्यात आधीच्या हुकलेल्या तारखा आहेत का ते बघा. नसतील तर ती प्रेसनोट आहे, म्हणजे संबंधित खात्याने स्वतःच लिहून पाठवलेला मजकूर. प्रेसनोट ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्याच दिवशीचे तीन पेपर शेजारी ठेवा, वाक्यं तशीच्या तशी जुळली की कळतं. प्रेसनोट छापणं गुन्हा नाही, पण ती "प्रतिनिधी" नावाने छापणं आणि एकही प्रश्न न विचारणं यावर टीका व्हायलाच पाहिजे.

पाचवा, घरांच्या पुरवण्या. "नवी मुंबईत स्वप्नातलं घर" अशा मजकुरात आधी कोपऱ्यात बारीक अक्षरात "जाहिरात" किंवा तसलं काही आहे का शोधा. मग महारेरा नंबर बघा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडचा प्रोजेक्टचा नोंदणी नंबर. जुन्या नोंदणी नंबरांमध्ये पी ५१७ ने सुरू होणारा प्रोजेक्ट ठाणे जिल्ह्यातला आणि पी ५२० ने सुरू होणारा रायगडचा असतो, म्हणजे "नवी मुंबई" नावाखाली नेमकं कुठलं गाव विकतायत ते कळतं. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही बंधनकारक आहे, तो स्कॅन करा आणि बातमीतली ताबा मिळायची तारीख महारेरावरच्या तारखेशी लावून बघा.

गुन्ह्यांच्या बातम्यांबद्दल थोडं सावकाश वाचा. "ताब्यात घेतलं" आणि "अटक केली" यात फरक आहे, आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, आणि १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, त्यामुळे नव्या खुनाच्या बातमीत ३०२ छापलं असेल तर ते चूक, आता ते १०३ आहे. पण यात एक गोष्ट अशी आहे जिथे पत्रबित्र लिहीत बसायचं नाही. लहान मुलावर अत्याचाराच्या बातमीत नाव न देता सोसायटी, शाळा, वडिलांची नोकरी असं देतात आणि अख्ख्या नाक्याला कळतं कोण ते. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, कुटुंबाची माहिती यातलं ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे. असं दिसलं तर तडक पेपरच्या ऑफिसला फोन करून वेबसाइटवरून काढायला सांगा, आणि कृपा करून ते कात्रण निषेध म्हणून सुद्धा ग्रुपवर टाकू नका, त्या मुलाची ओळख तुम्हीच पसरवाल.

मूळ कागद शोधा

तुमच्याकडे पुरावा नसेल तर तुमचं म्हणणंही एक दावाच आहे. शासन निर्णय सरकारी वेबसाइटवर मिळतात, टेंडर महाटेंडर्सवर, कोर्टाच्या केसची स्थिती ई-कोर्ट्सवर, आणि संवेदनशील गुन्हे सोडून एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर. पालिकेचं बजेट आणि ठराव पालिकेच्या साइटवर शोधा, नाही मिळाले तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये लागतात, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. "खर्च किती झाला" असं मोघम विचारू नका, अमुक कामाच्या बिलाची प्रत मागा.

शेजाऱ्याने सांगितलं, वॉचमनने बघितलं, याला पण किंमत आहे, पण तो माणूस नाव द्यायला तयार असेल तरच.

मग स्वतःला विचारा, हे खरंच चुकीचं आहे की मला आवडलेलं नाही? अग्रलेखातलं मत ही चूक नव्हे. तुमच्या पक्षाच्या विरोधातली पण पुराव्याची बातमी ही चूक नव्हे. आग लागली त्या रात्री छापलेला जखमींचा आकडा सकाळी बदलला तर ती पण चूक नव्हे, मात्र दुसऱ्या दिवशी नवा आकडा छापला नाही तर आहे.

पत्र

पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादकांची नावं, पत्ता आणि बहुतेक वेळा ईमेल असतो. तिथेच पाठवा, प्रत आवृत्तीप्रमुखांना. बातमीदाराचा पर्सनल नंबर मिळाला तरी त्याच्यावर तुटून पडू नका, लोकल बातमीदारांमधले किती तरी जण बातमीच्या हिशोबाने तुटपुंज्या पैशांवर काम करतात आणि दिवसाला पाच-सहा बातम्या देतात. जबाबदारी संपादकाची असते. वेबसाइटवरच्या बातमीसाठी साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असेल तर त्यांनाही पाठवा.

पत्र छोटं ठेवा. असं:

"मा. संपादक, आपल्या अमुक तारखेच्या अंकात, ठाणे-नवी मुंबई पुरवणी, पान ३ वर 'ढगफुटीने खारघर पाण्यात' ही बातमी आहे. तिच्यात दोन चुका आहेत. एक, खारघर पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, बातमीत नवी मुंबई महानगरपालिकेला जबाबदार धरलं आहे. दोन, ढगफुटीसाठी एका तासात १०० मिमी पाऊस लागतो, बातमीतला ११८ मिमी हा आकडा २४ तासांचा आहे. हद्दीचा नकाशा आणि हवामान खात्याची नोंद सोबत जोडली आहे. पुढच्या अंकात त्याच पानावर दुरुस्ती छापावी, आणि वेबसाइटवरच्या बातमीत बदल करून खाली दुरुस्तीची तारीख द्यावी, ही विनंती." खाली नाव, पत्ता, फोन.

बघा, यात "बेजबाबदार", "विकाऊ", "सुपारी" असं काही नाही. ज्या दिवशी तुम्ही "विकाऊ" लिहिता त्या दिवशी संपादकाला उत्तर न द्यायचं कारण मिळतं. उणिवा लिहायच्याच असतील तर वेगळं पत्र लिहा, ते वाचकांच्या पत्रांत छापून येऊ शकतं. दोन्ही एकत्र केलं की खणखणीत चूक मतांच्या गर्दीत हरवते. आणि "खुलासा" नको, "दुरुस्ती" मागा. खुलाशात पेपर म्हणतो की अमुक व्यक्तीचं असं म्हणणं आहे, दुरुस्तीत पेपर म्हणतो की आमचं चुकलं.

आठवड्याने एक आठवण पाठवा, त्याच ईमेलच्या खाली, म्हणजे तारखांची साखळी राहते.

तरी उत्तर नाही आलं तर

भारतीय प्रेस कौन्सिल. १९७८ च्या कायद्याखालची ही संस्था दिल्लीत सूचना भवनात आहे, फी नाही, वकील लागत नाही. दैनिक किंवा साप्ताहिकाविरुद्ध बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार जावी लागते, म्हणून वर म्हटलं तारखा सांभाळा. आधी संपादकाला लिहिलेलं असणं ही अट आहे, त्या पत्राची आणि उत्तर आलं असेल तर त्याची प्रत, मूळ कात्रण, मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर, आणि हे प्रकरण कोर्टात चालू नाही असं लिहून द्यावं लागतं. कौन्सिल दंड करू शकत नाही, पेपर बंद करू शकत नाही, ताकीद देते, ठपका ठेवते, आणि निकालाची माहिती पेपरात छापायला सांगू शकते. टीव्ही चॅनल तिच्या कक्षेत नाहीत. पालिकेचं नाव चुकलं म्हणून तिथे जाऊ नका, कोणाचं खरंखुरं नुकसान झालं असेल, जाणूनबुजून एकतर्फी छापलं असेल किंवा पैसे घेऊन छापल्यासारखं दिसत असेल आणि कागद हातात असतील तरच.

सोशल मीडियावर लिहिणार असाल तर पूर्ण बातमीचा फोटो टाका, अर्धा कापून नको, शेजारी मूळ कागद टाका, आणि बातमी कोणाच्या सांगण्यावरून लावली वगैरे अंदाज करू नका. बदनामीचा कायदा, आता न्याय संहितेचं कलम ३५६, पेपरला लागतो तसा तुम्हालाही लागतो.

एका बातमीपुरतं थांबू नका

सुट्या चुकांपेक्षा मला जास्त काळजी न आलेल्या बातम्यांची वाटते, आणि ती एका कात्रणात दिसत नाही. त्यासाठी एखादा महिना एकाच पेपरच्या लोकल पानाची शीट ठेवा, रोज पाच मिनिटं लागतात. कॉलम असे ठेवा: तारीख, बातमी, भाग, माहिती कोणी दिली, दुसरी बाजू आहे का, आधीच्या बातमीचा पाठपुरावा आहे का, दुरुस्ती आली का. महिना संपला की भागाच्या कॉलमवर फिल्टर लावा. नौपाडा आणि वाशी किती वेळा, दिवा आणि दिघा किती वेळा, आणि दिव्याची बातमी अपघात आणि अनधिकृत बांधकाम सोडून कधी आली का, हे समोर येतं. पाठपुराव्याचा कॉलम रिकामा दिसला तर तोही मुद्दा आहे, "चौकशीचे आदेश" छापून आले आणि चौकशीचं काय झालं ते कधीच नाही.

ही शीट घेऊन दोघं-तिघं मिळून, आधी वेळ घेऊन, पेपरच्या ठाणे किंवा वाशीच्या ऑफिसात जा. सोबत एखादी चांगली बातमीही न्या, ज्यात बातमीदार जागेवर गेला होता, कागद बघितला होता, दोन्ही बाजू होत्या, आणि अशी हवी म्हणून दाखवा. मागण्यांची यादी नेऊ नका, ती टेबलावरच राहते. एकच मागा: लोकल पानावर दुरुस्तीसाठी ठरलेली जागा, रोज तीच, चूक असेल त्या दिवशी भरलेली, आणि तिच्याखाली चूक कळवायचा ईमेल.